आवड आणि आकलन

केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांची मांडणी चार अंगांनी केलेली असते : व्याख्यानांच्या चित्रफिती, वाचनाचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी प्रश्नावली, आणि शंकानिरसनासाठी चर्चेची सोय. एकाच विषयाच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला व्याख्यान ऐकल्यावाचून समाधान होत नाही, तर दुसरा चित्रफीत अर्ध्यावर सोडून टिपणांकडे वळतो.

या रुचिभेदाला शास्त्रीय रूप देण्याचा यत्न न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ साली केला. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकणारे अशी त्यांची वर्गवारी पुढे फार लोकप्रिय झाली. आणि विद्यार्थ्याला त्याच्या वर्गाच्या पद्धतीने शिकविले म्हणजे विद्या सुलभ होते, हे मत शिक्षणक्षेत्रात जवळजवळ कायद्यासारखे रूढ झाले. परंतु २००८ साली हॅरल्ड पॅशलर व त्यांचे तीन सहकारी यांनी या मताच्या पुराव्याची कसून छाननी केली, तेव्हा ते सिद्ध होईल असा पुरेसा दाखला त्यांना आढळला नाही.

म्हणून आवड निरर्थक ठरते असे मात्र नव्हे. विद्यार्थी कोणते साधन उघडील आणि त्यापाशी किती वेळ रमेल, हे पुष्कळदा आवडच ठरविते. परंतु कोणत्या साधनाने विषय समजेल, हे विषयाच्या प्रकृतीवर अवलंबून असते. भूमिती आकृतीवाचून, परभाषेचे उच्चार श्रवणावाचून आणि बीजगणित स्वतः उदाहरणे सोडविल्यावाचून हस्तगत होत नाही, मग विद्यार्थी कोणत्याही वर्गात मोडो.

शिवाय, आवडते साधन हाताळताना वाटणारी सुलभता हीच कित्येकदा फसवी असते. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पहिले सरस ठरले, परंतु आठवड्यानंतर दुसऱ्यांनाच अधिक आठवले. पुनःपुन्हा पाहिलेल्या चित्रफितीने ‘समजले’ असा भास होतो. खरी कसोटी लागते ती प्रश्नावलीत, जेथे आधार सोडून स्वतःच्या स्मरणावर उभे राहावे लागते.

यास्तव ‘हा ऐकून शिकणारा’ असा शिक्का मुलावर मारून त्याला वाचनातून सूट देणे, हे त्याच्या हिताचे नाही. आवडीने त्याला विषयाकडे आणावे आणि मग नावडत्या साधनांचाही सराव धीराने करून घ्यावा, हेच शिक्षकाचे व पालकाचे कर्तव्य होय.