ट्रॉली डुलू लागली तर

शेतात गुणी असलेली ट्रॉली भरून हमरस्त्यावर आली, की शेपटी हलवू लागते. बैलगाडी हाकलेल्यांना कारण सांगायला नको. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच. माल आखाच्या थोडा पुढे हवा, म्हणजे दांडीचा भार हुकावर राहतो. फार पुढे भरलात, तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. झिजलेली पिन आणि कमी हवेचे टायर डुलणे वाढवतात.

तरीही डुललीच, तर घाबरून ब्रेक दाबू नका. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली मागून रेटते आणि त्याला आडवा करते. थ्रॉटल हळूहळू कमी करा, स्टिअरिंग सरळ धरा. उताराला आधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना काय म्हणावे!

आणि शेतात वळण्यासाठी सुटे केलेले दोन्ही ब्रेक पेडल डांबरीवर येण्यापूर्वी खिटीने जोडून घ्या. एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. आणि पुष्कळदा मडगार्डवर घरचेच पोर बसलेले असते.