गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक ठेवून ते हातशिलाईने जोडून केलेले अंथरूण वा पांघरूण. महाराष्ट्राच्या अनेक भागांत तिला वाकळ असेही म्हणतात. उत्तर कर्नाटकात कौदी हे नाव रूढ आहे. तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान व पातळ गोधडीस दुपटे म्हणतात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंधमधील रल्ली हे तिचेच सगोत्र प्रकार होत.

गोधडीसाठी सहसा नवे कापड घेत नाहीत. नऊवारी लुगडे विटले, की त्याचा धड भाग वरच्या थरासाठी राखून ठेवतात. विरलेला भाग, जुनी धोतरे व पंचे आतील भरणीत जातात. खणांचे तुकडे, झबली, शिंप्याकडील कातरणे यांची ठिगळे वर बसवितात. स्वच्छ जमिनीवर थर अंथरून सुरकुत्या काढतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात आणि थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालतात. त्यानंतर जाड सुईने कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांत, धावदोरा घालीत जातात. या क्रमामुळे कापडाचा ढिलेपणा मध्याकडे सरकत राहतो; तो हाताने सारखा करीत थोडाथोडा टाक्यांत जिरवावा लागतो. घाई केल्यास मधोमध फुगा येतो आणि मागील फेऱ्या उसवाव्या लागतात. गोधडीचे काम संथ असण्याचे कारण असे कापडातच आहे. टाक्यांच्या ओळींमध्ये उठणाऱ्या बारीक चुण्या व थरांमध्ये अडकलेली हवा यांमुळे तिला ऊब येते. यंत्राच्या घट्ट टिपेने तीच वस्तू चपटी व ताठ होते.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची परंपरा या प्रदेशात प्राचीन आहे. मुंबईच्या बोरीवली उपनगराच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथील कोरीव लेखांत भिक्षूंच्या चीवरांसाठी दिलेल्या अक्षयनिधींचे उल्लेख आढळतात. विनयपिटकानुसार चीवर हे कापलेल्या तुकड्यांचे असावे लागते. मगध देशातील बांधांनी विभागलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदास तशी आखणी करण्यास सांगितले, असे महावग्गात म्हटले आहे. कापलेल्या वस्त्राचा चोरांस लोभ वाटत नाही, हेही त्यामागील एक कारण. उकिरड्यावर वा स्मशानात टाकलेल्या चिंध्यांच्या चीवरास पांसुकूल म्हणत. वर्षावासानंतरच्या कठिन विधीत मिळालेले कापड कापणे, शिवणे व रंगविणे ही कामे भिक्षूंनी मिळून एकाच दिवसात पुरी करावयाची असतात. कठिन हे नाव शिवणासाठी कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचे होय. चीवरापासून गोधडी निघाली असे मात्र यावरून म्हणता येत नाही. टाकाऊ तुकड्यास सुईने पुन्हा योग्यता देणे, एवढे साम्य दोहोंत आहे.

गोधडी गरजेतून आली. शेतीची कामे उरकल्यावर, दुपारच्या वेळी, घरातील व शेजारच्या स्त्रिया तिच्याभोवती बसत. सारख्या अंतरावर टाका घालीत राहिल्याने चित्त स्थिर होते, हा शिवणाऱ्यांचा अनुभव खरा आहे. पण केवळ मनःशांतीचा छंद म्हणून तिच्याकडे पाहिल्यास थंडीच्या रात्रीसाठी चिंध्या साठविणाऱ्या बाईचे श्रम नजरेआड होतात. तिचे नाव गोधडीवर कोठेही नसते. रंगांची निवड व ठिगळांची मांडणी मात्र सर्वस्वी तिचीच असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांस ‘फूल’ नावाचे तुकडे लावतात. त्यांवाचून गोधडी उघडी मानली जाते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड येथील मिझूरी पेटवे या स्त्रीने 1942 मध्ये मृत पतीचे कामाचे कपडे जोडून पांघरूण केले. आईचे लुगडे गोधडीत घालणाऱ्या मराठी स्त्रीस त्यामागील भाव सांगावा लागणार नाही.

कृत्रिम धाग्यांच्या साड्या रुळल्यावर गोधडीचा कच्चा मालच घटला. त्या विरत नाहीत, घाम शोषीत नाहीत आणि एकमेकींवरून घसरतात. शहरात जुन्या कपड्यांवर बोहारणीचाही हक्क असतो. लुगडे देऊन पातेले घ्यावे की ते गोधडीसाठी ठेवावे, हा प्रश्न अनेक घरांत भांड्याच्या बाजूने सुटला. बोरीवलीसारख्या उपनगरांतील लहान सदनिकांत पूर्ण गोधडी पसरण्यास जागा नसते व भिजलेली जड गोधडी वाळविण्याची सोयही क्वचितच असते. त्यामुळे दुपटी, उश्यांचे अभ्रे व पिशव्या असे मांडीवर मावणारे काम अधिक होते. जुन्या साड्या देऊन गोधडी शिवून घेण्याची पद्धतही आहे. अशा वेळी मजुरी बहुधा नगावर ठरते. दाट टाके घालणारीस अधिक दिवस लागतात, तरी विरळ टाके घालणारीइतकेच पैसे तिला मिळतात.