गागोद्याचे विनोबा, रोह्याचे चिंतामणराव आणि संपाचे साल

गावाकडे साल आकड्याने लक्षात ठेवायची पद्धत नाही. नातवाचे वय विचारले की आजी म्हणते, "पुराच्या वर्षीचा" किंवा "विहीर खणली त्या वर्षीचा". पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांत १९८२ हे साल असेच "संपाचे साल" म्हणून ओळखले जाते. १८ जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. नेते होते डॉ. दत्ता सामंत. आपल्याकडे घरचा एक हात शेतात आणि दुसरा गिरणीत, अशी जुनी रीत. महिन्याच्या मनीऑर्डरीवर बैलजोडी, शाळेची फी आणि लग्नकार्य निघायचे. ती मनीऑर्डर थांबली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि पुष्कळांच्या हातात मग कायमचा विळा आला.

याच जानेवारीत बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्रीपद सोडले. ते आपल्याच जिल्ह्यातले. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९८१ रोजी. म्हणजे १९८२ उजाडले तेव्हा हे नाव जेमतेम वर्षाचे होते आणि म्हातारी माणसे अजून "कुलाबा"च म्हणत होती. १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले, पण ते रंग आपल्या गावांपर्यंत पोहोचायला बराच काळ जावा लागला. रोह्याला तर अजून रेल्वेही यायची होती.

पण या सालाची खरी गोष्ट वर्षाच्या शेवटी घडली. आपल्या मुलखात वाढलेली दोन म्हातारी माणसे ४४ दिवसांच्या आत जग सोडून गेली. २ ऑक्टोबरला हैदराबादला चिंतामणराव देशमुख गेले आणि १५ नोव्हेंबरला पवनारला विनोबा भावे. दोघांच्या जन्मातही चारच महिन्यांचे अंतर. विनोबा ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मले. चिंतामणराव १४ जानेवारी १८९६ चे. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण वडील वकील आणि बिऱ्हाड रोह्याला. त्यामुळे त्यांचे बालपण कुंडलिकेच्या काठी गेले.

दोघेही बुद्धीने तल्लख, आणि वाटा पाहा कशा उलट. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकले आणि आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. विनोबांनी बडोद्याला आईच्या चुलीपाशी बसून आपली प्रशस्तिपत्रे एकेक करून जाळून टाकली. आईने विचारले, हे काय करतोस? मुलाचे म्हणणे, मला यांची कधी गरजच पडणार नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले आणि मधेच सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी गांधीजींकडे पोहोचले ते कायमचेच. आपल्या घरातल्या मुलाने असे केले तर आपण काय म्हणू, हा प्रश्न मी माझ्यापुरता तरी सोडवू शकलेलो नाही.

गागोद्याच्या घरची एक आठवण विनोबा सांगत. अंगणात फणसाचे झाड होते. पहिला फणस पिकला की मुले भोवती गोळा व्हायची. पण आई आधी गरे पानांत घालून शेजारच्या घरोघरी मुलांच्या हाती पाठवायची, आणि मग उरलेले घरच्यांना. पुढे हाच मुलगा देशभर जमीन मागत फिरला, त्याचे मूळ याच अंगणात असावे असे मला वाटते.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांसमोर ही मागणी ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी तिथेच १०० एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झाले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. तेरा-चौदा वर्षे पायी फिरून चाळीस लाख एकरांवर जमीन कबूल झाली. आता शेतकऱ्याच्या घरी खोटे बोलून चालत नाही, म्हणून हेही सांगायला हवे की त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, आणि बरीचशी शेवटपर्यंत भूमिहीनांच्या हाती पडलीच नाही. आणीबाणीच्या वेळच्या "अनुशासन पर्व" या त्यांच्या शब्दांवरूनही त्यांच्यावर टीका झाली. तरी तंटा न करता, कोर्टाची पायरी न चढता माणूस सातबाऱ्यावरची जमीन दुसऱ्याला देऊ शकतो, हे त्या वर्षांत शेकडो गावांनी डोळ्यांनी पाहिले.

एकाने जमीन पाहिली, तर दुसऱ्याने पैसा. ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे १९५० पासून ते देशाचे अर्थमंत्री होते, आणि १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. त्या सुमारास रिझर्व्ह बँकेने खेड्यांतल्या कर्जाची मोठी पाहणी करवली होती. १९५१-५२ साली शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांत सहकारी संस्थांचे फक्त तीन रुपये, व्यापारी बँकांचा एकही पुरा रुपया नाही, आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास! ते दिवस आठवणारे आजोबा असतील तर त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. या पाहणीनंतर १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे काम तिच्यावर सोपवले गेले. तेव्हा अर्थमंत्री चिंतामणरावच होते.

आणि योगायोग असा की ते गेले त्याच वर्षी, १२ जुलै १९८२ रोजी, नाबार्ड स्थापन झाली. शेतीकर्जाचे जे काम रिझर्व्ह बँकेकडे होते ते या नव्या बँकेकडे आले. तुमच्या सोसायटीच्या पीककर्जामागे आजही तिचे नाव दिसते.

चिंतामणराव म्हणजे साहेबी थाटाचा कोरडा हिशेबनीस, असा कोणाचा समज असेल तर तो चूक आहे. त्यांनी कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले. बागेचा त्यांना मोठा नाद. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रीपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव सभा चालल्या होत्या, त्या दिवसांत कुलाब्याच्या खासदाराने दिल्लीत खुर्ची सोडली, ही बातमी लोकांनी कशी ऐकली असेल याची कल्पना करा.

मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ साली मिळाला आणि चिंतामणरावांना लगेच १९५९ साली. पुढे १९९६ साली तो पांडुरंगशास्त्री आठवले यांना मिळाला. तेही रोह्याचेच, जन्म १९ ऑक्टोबर १९२०. म्हणजे १९८२ साली या दोन मृत्यूंच्या मधल्या दिवसांत त्यांना ६२ वर्षे पुरी झाली. गावाने मिळून एक शेत देवाचे म्हणून कसायचे, ही त्यांची योगेश्वर कृषी तेव्हा अनेकांना परिचित झाली होती. शेजारच्या दोन तालुक्यांतून मॅगसेसेचे तीन मानकरी!

२ ऑक्टोबर म्हणजे गांधीजयंती. आपल्याकडे हळवे भात कापणीला आलेले असते. चिंतामणराव गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते. पत्नी दुर्गाबाई आदल्याच वर्षी, मे महिन्यात गेल्या होत्या. दोघांनाही १९७५ साली पद्मविभूषण मिळाले होते.

मग भात खळ्यावर आले, झोडणी झाली, रिकाम्या शेतांत वाल पडले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पवनारला विनोबांची प्रकृती ढासळली. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. आता शरीराचे काम संपले, हा त्यांचा हिशेब. धाम नदीच्या काठी १५ नोव्हेंबरला सकाळी त्यांचा श्वास थांबला. तो दिवाळीचा दिवस होता. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

त्या दिवाळीला संपाला दहा महिने होत आले होते. त्या साली जन्मलेली मुले आता चाळिशी ओलांडून गेली, काहींची नावे सातबाऱ्यावर लागलीही. तुमच्या घरी त्यांच्यातले कोणी असेल तर आजीला एकदा विचारून पाहा, संपाच्या वर्षी दिवाळीला घरी कोण कोण होते.