कौले परतण्याचे काम : दर कसा धरावा?

होळी सरली की कोकणात छपराच्या कामाची बोलणी सुरू होतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येऊन ठेपतो आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळतो. त्याआधी कौले उतरवणे, पालापाचोळा झाडणे, शेवाळ घासणे, फुटकी कौले बदलणे आणि सर्व पुन्हा ओळीत बसवणे ही कामे उरकावी लागतात. आमच्या अनेक वाचकांची घरे कोकणात आणि माणसे मुंबईत किंवा आखातात आहेत. छपराचा सौदा फोनवर होतो. मालकाला वाटते ठेकेदार लुबाडतो. ठेकेदार म्हणतो, हंगामभर राबून हाती काही उरत नाही. दोघांच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. दर कशाचा धरला, हेच आधी ठरलेले नसते. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी आणि काम देणाऱ्या मालकांसाठी आम्ही हा हिशेब येथे मांडत आहोत.

काम नेमके कोणते?

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभारी नळे होते. नळे नुसते एकावर एक ठेवलेले असतात. वारा, मांजर, वानर यांनी ते सरकतात, म्हणून दरसाल परतावे लागतात. मंगळुरी कौल खाचेत बसते, त्यामुळे सहसा सरकत नाही. पण आंब्या-फणसाचा पाला त्याच्या खाचेत अडकतो, त्यावर शेवाळ धरते, पाणी तुंबते आणि कडेने आत उतरते. आधी रीप भिजते, मग वासा. वाळवीला आणखी काय हवे? म्हणजे सफाईचे काम दिसायला कौलाचे असले, तरी ते लाकूड वाचवण्याचे काम आहे. लाकूड बदलायचा खर्च सफाईच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो, हे मालकाने लक्षात ठेवावे.

मोजमाप जमिनीचे की छपराचे?

कामाचा दर चार प्रकारे ठरतो: ब्रासवर, कौलाच्या नगावर, रोजावर किंवा सगळे काम उक्ते. ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात.

एक उदाहरण घेऊ. घर ३० फूट बाय ४० फूट. मालक म्हणतो, १२०० चौरस फूट, म्हणजे १२ ब्रास. पण छप्पर भिंतीवर थांबत नाही. चारी बाजूंनी अडीच फूट वळचण धरली, तर माप ३५ बाय ४५ होते, म्हणजे १५७५ चौरस फूट. शिवाय छप्पर उतरते असते. ३० अंशांचा उतार असेल तर या आकड्याला १.१५५ ने गुणावे लागते. हिशेब १८१९ चौरस फुटांवर, म्हणजे १८ ब्रासच्या थोडा वर जातो. जमिनीवरचे १२ आणि छपरावरचे १८, यात दीडपट फरक आहे. एका ब्रासला साधारण १४० ते १५० मंगळुरी कौले लागतात. तेव्हा या घरावर सुमारे २६०० कौले आहेत आणि प्रत्येक कौल हातातून दोनदा जाणार आहे, हे दर सांगण्यापूर्वी डोळ्यांपुढे आले पाहिजे.

खर्चाची मांडणी

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. आपापल्या गावचा रोज घालून ते बदलून घ्यावेत. समजा, पाच जणांची टोळी दिवसाला साडेचार ब्रास काम उरकते. १८ ब्रासला चार दिवस, म्हणजे २० रोज. सरासरी रोज ९०० रुपये धरला तर मजुरी १८,००० रुपये. चहा-जेवण आणि येण्याजाण्याचे २,००० रुपये. शिडी, बांबू, दोर, ब्रश यांची झीज १,५०० रुपये. अपघाताच्या विम्यासाठी आणि अवेळी पावसाने बुडणाऱ्या वेळेसाठी मजुरीच्या दहा टक्के, म्हणजे १,८०० रुपये. एकूण २३,३०० रुपये. त्यावर ठेकेदाराची देखरेख आणि नफा मिळून १५ टक्के, म्हणजे सुमारे ३,५०० रुपये. बेरीज २६,८००. ब्रासला साधारण १,४९० रुपये पडले.

आता हाच ठेकेदार हा दर सांगून मालकाच्या १२ ब्रासच्या मापाला मान हलवून बसला तर? हाती १७,८८० रुपये येतील. नुसती मजुरीच १८,००० आहे. काम सुरू होण्याआधीच तोटा पक्का झाला.

घासाघीस करतानाही हे ध्यानात असावे. मालकाने २६,८०० मधून दहा टक्के कमी करायला लावले, तर २,६८० रुपये जातात. मजुरी कमी होत नाही, भाडे कमी होत नाही. हे पैसे ३,५०० च्या नफ्यातूनच जातात आणि ठेकेदाराच्या हाती ८२० रुपये उरतात. मग तो काय करतो? एक गडी कमी आणतो, कौले न उतरवता वरूनच झाडू फिरवतो किंवा दोर घरी ठेवून येतो. मालकाला मिळालेली सूट जुलैत गळू लागते.

जमिनीवरून न दिसणाऱ्या गोष्टी

कौले किती फुटतील, हे खालून सांगता येत नाही. शंभरात पाच फुटली तरी वरच्या घराला १३० नवी कौले लागतील. ती कोणाच्या पैशाने? शिवाय प्रत्येक कारखान्याचा साचा निराळा असतो. एकाच्या खाचेत दुसऱ्याचे कौल नीट बसत नाही. म्हणून दर सांगण्यापूर्वी एक कौल उतरवून त्यावरचा छाप पाहावा आणि तशी कौले जवळपास मिळतात का, याची चौकशी करावी. पुष्कळदा मोडलेल्या जुन्या घराचीच कौले शोधावी लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली भागांत छपरेच्या छपरे उडाली. ज्यांच्या परसात जुन्या कौलांची चळत होती, ते लवकर सावरले. ही चळत मोडीत काढू नये.

दुसरी गोष्ट लाकडाची. कौले उतरली की कुजलेल्या रिपा दिसतात. हे काम उक्त्यात कधीही घेऊ नये. आमच्या मते करार तीन भागांत असावा: उतरवणे-साफ करणे-बसवणे ब्रासवर, नवी कौले नगावर, लाकूड आणि सुतारकाम प्रत्यक्ष लागेल तसे, मालकाला फोटो पाठवून, होकार आल्यावर. परगावच्या मालकाचा विश्वास याने बसतो आणि ठेकेदाराला मनातल्या मनात दर फुगवून ठेवावा लागत नाही.

उंची, घराभोवती शिडी लावण्यास जागा आणि उताराची तीव्रता यांनीही दर वाढतो. दुमजली घराचा दर बैठ्या घराइतका असू शकत नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे काम तर वेगळेच समजावे. त्यावर थेट पाय देऊ नये, फळ्या टाकूनच चालावे. पत्रा फुटून माणूस सरळ जमिनीवर येतो. त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असल्यास कोरडे घासू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

हंगाम आणि दर

चाकरमानी मे महिन्यात गावी येतात आणि काम आपल्या डोळ्यांदेखत व्हावे म्हणतात. नेमके तेव्हाच गडी आंब्याच्या बागांत गुंतलेले असतात. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात रोज चढतो आणि घाईत कौलेही अधिक फुटतात. मार्चमध्ये शेवाळ वाळलेले असते, लवकर निघते, गडीही मिळतात. तेव्हा परतणी मार्चमध्ये करावी आणि मेअखेर फक्त पन्हळी व खाचा झाडून घ्याव्यात. ठेकेदाराने मार्चचा दर कमी आणि मेचा जास्त असे उघड सांगावे. त्याची टोळी तीन महिने कामाला लागते, मालकाचे पैसे वाचतात.

दोर हिशेबात हवा

शेवटी सर्वांत महत्त्वाची बाब. वरच्या हिशेबातले दोराचे आणि विम्याचे पैसे पुष्कळ ठेकेदार धरतच नाहीत. आढ्यावरून एक माणूस पडला तर दहा हंगामांची कमाई दवाखान्यात जाते आणि त्याच्या घरची चूल विझते. काम करताना गडी जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने कामावर ठेवणाऱ्यावर येते. सर्वांत स्वस्त दर ज्याचा, त्याच्याकडे दोर आहे का, गड्यांचा विमा आहे का, हे मालकाने विचारलेच पाहिजे. आणि ठेकेदाराने हे दोन खर्च चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत लिहावेत. लिहिलेला खर्च मालक एकवेळ मान्य करतो. न लिहिलेला घासाघिशीत पहिल्यांदा जातो.

या धंद्याला भांडवल थोडे लागते आणि कौलारू घरे आहेत तोवर काम मिळत राहणार आहे. नव्याने उतरणाऱ्या तरुणांनी एक वही, एक मोजपट्टी आणि एक चांगला दोर यांपासून सुरुवात करावी. छपरावर चढून माप घ्यावे, ते मालकाला दाखवावे आणि मगच आकडा सांगावा.