एकास चोवीस

२०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, कार्बाइड गनने शंभराहून अधिक जणांचे डोळे जखमी झाले. ती बातमी वाचून मुलुंडच्या एका वाचकांनी विचारलंय: परदेशातले हौशी लोक प्रोपेनवर नळीतून बटाटे उडवतात, त्या नळीला पंपाचा दांडा कशाला? कार्बाइडला तर असलं काहीच लागत नाही!

उत्तर शेगडीत आहे. अंधेरी-बोरिवलीत सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला की फिटर शेगडी उलटी करतो आणि बर्नरखालचं पितळी नोझल काढून मोठ्या भोकाचं बसवतो. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका रेणूला ऑक्सिजनचे २ रेणू पुरतात, सिलिंडरमधल्या प्रोपेनला ५ लागतात. हवेत ऑक्सिजन जेमतेम एकपंचमांश. तेव्हा प्रोपेनच्या एका भागाला हवेचे चोवीस भाग, मिथेनला साडेनऊ. तेवढीच आच हवी तर मिथेन दुपटीहून जास्त सोडावा लागतो, म्हणून भोक मोठं.

प्रोपेन मोठा नखरेल. हवेत २ टक्क्यांहून कमी असला तर पेटत नाही, साडेनऊच्या वर गेला तरी नाही. शिवाय एक बार झाला की नळीत उरतात नायट्रोजन, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. मग ठिणग्या कितीही पाडा. दांडा मागेपुढे केला की जळका वायू बाहेर, ताजी हवा आत आणि त्याबरोबर मोजका प्रोपेन. स्कूटरचा पिस्टन हेच करतो, फक्त बटाट्याविना.

या खटाटोपाचं मूळ माझ्या लाडक्या व्होल्टापाशी जातं. त्याची १८००ची बॅटरी सगळ्यांना पाठ. पण १७७६मध्ये या गृहस्थाने माजोरे सरोवराकाठचा चिखल काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले होते. तोच मिथेन! पुढच्याच वर्षी विजेच्या ठिणगीवर उडणारं वायूचं पिस्तूल हाती घेऊन त्याने सुचवलं, की कोमोहून तारेने ठिणगी पाठवून मिलानमध्ये बार काढता येईल. तारयंत्र यायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त अवकाश होता.

कार्बाइडवर पाणी पडून निघणारा ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत कुठेही पेटतो. त्याला मोजमाप नको, म्हणून तो कोणाच्याही हातात चालतो आणि म्हणूनच घातक. बार उशिरा झाला की मुलं नळीत डोकावतात. आत नुसता वायू नसतो, ओला चुनाही असतो. आम्लाने डोळ्यातली प्रथिनं गोठतात, त्यामुळे ते बरेचदा वरच अडतं. चुना पेशी विरघळवत आत उतरत जातो. डोळ्यात गेलाच तर चोळू नका. लगेच नळाखाली धरा, निदान अर्धा तास, आणि तडक डोळ्यांचं इस्पितळ गाठा.