चार दिवस जाऊन आलं की बर्नआउट जातो?

‘चार दिवस कुठेतरी जाऊन ये, बरं वाटेल.’ बर्नआउटने पार गळून गेलेल्या माणसाला हा सल्ला साहेब देतात, नणंद देते, शेजारचे काका देतात. माणूस तारकर्लीला जातो, सुरमई खातो, दोन रात्री शांत झोपतो आणि सोमवारी अकरा वाजेपर्यंत जिथून निघाला होता तिथेच येऊन बसतो. मग वर ऐकायला मिळतं, ‘सुट्टी दिली ना, आता आणखी काय हवंय?’ सल्ला एक वेळ चालेल, पण हा प्रश्न डोक्यात जातो.

कारण सुट्टीचा परिणाम किती टिकतो, हे बऱ्याच आधी मोजून झालेलं आहे. मीना वेस्टमन आणि डोव्ह एडन या इस्रायली संशोधकांनी १९९७ साली ७६ कारकुनी कर्मचाऱ्यांचा बर्नआउट सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर तपासला. सुट्टीत तो उतरला. कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी थोडा चढला आणि तीन आठवड्यांत पूर्ववत झाला. ‘चारच दिवस गेला होतास, मोठी सुट्टी घ्यायला हवी होतीस,’ असं म्हणणाऱ्यांसाठी नेदरलँड्समधला अभ्यास आहे. जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सरासरी २३ दिवसांची सुट्टी घेणाऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत चांगलं होतं आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मूळ पातळीवर आलं.

सुट्टी घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. अवश्य घ्या, तिने दमणूक जाते. पण बर्नआउट म्हणजे नुसती दमणूक नव्हे. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: आतून रिकामं होणं, कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. त्यांनी आणि मायकेल लायटर यांनी कारणंही सहा ठिकाणी शोधली: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय आणि मूल्यं. यातलं समुद्रकिनाऱ्यावर काय दुरुस्त होणार? ज्या शिक्षिकेला वर्ग सोडून माहितीचे तक्ते भरावे लागतात, तिचे तक्ते ती परत येईपर्यंत टेबलावर वाट पाहत असतात, सुट्टीतले आणखी चार घेऊन.

डॉक्टरांचा बर्नआउट कमी करण्यासाठी झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. वेळापत्रक, कामाचा भार, कामाची पद्धत असं संस्थेच्या पातळीवर काही बदललं, तिथे फरक जास्त पडला. नुसत्या डॉक्टरला ताण हाताळायला शिकवलं, तिथे कमी. एकूण फरक फार मोठा नव्हता, हेही सांगायला हवं. पण कचेरीत एक दिवस प्राणायामाचं शिबिर भरवून हात झटकणाऱ्यांनी तो आढावा वाचावा.

म्हणून सुट्टीवर जाण्याआधीच एक गोष्ट ठरवायची: परतल्यावर कोणतं एक काम माझ्याकडे नसेल? साहेबांना ‘झेपत नाही’ म्हटलं की उपदेश मिळतो. ‘ही तीन कामं आहेत, शुक्रवारपर्यंत दोन होतील, कोणती दोन करू?’ असं विचारलं की निर्णय त्यांना घ्यावा लागतो. कंत्राटी नर्सला किंवा आशाताईंना असं विचारणं सोपं नाही, हे मान्य. त्यांच्या बाबतीत तर माणसं वाढवणं आणि मानधन वेळेवर देणं हाच उपचार आहे.

आपल्या हातातली दुसरी गोष्ट म्हणजे रोजची संध्याकाळ. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांचं संशोधन सांगतं, की कामाचे तास संपल्यावर डोक्यातूनही काम बाहेर गेलं, तर माणूस सावरतो. सोफ्यावर आडवं होऊन रात्री दहाला ऑफिसच्या ग्रुपवर ‘ओके सर’ टाइप करणं ही विश्रांती नाही. वर्षातल्या एका सहलीपेक्षा रोजचा एक बिनकामाचा तास मला जास्त मोलाचा वाटतो.

बाकीचे समज थोडक्यात. ‘हे आयटीवाल्यांचं दुखणं’: हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली यावर लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक होते. ‘जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार ठरवलं’: नाही, २०१९ साली मंजूर झालेल्या वर्गीकरणात ती कामाशी निगडित अवस्था आहे, आजार नव्हे. ‘घरी असणाऱ्या बाईला कसला बर्नआउट?’: ते वर्गीकरण नोकरीपुरतंच आहे खरं, पण बेल्जियममधल्या मिकोलाइचाक आणि रोस्काम पालकांचा बर्नआउट स्वतंत्रपणे मोजतात. आणि सहलीतही दशम्या बांधायच्या कुणी, हे वेगळं सांगायला नको. ‘कडक चहाने तरतरी येते’: चहा फक्त थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, थकवा तिथेच असतो.

शेवटचा समज उलट्या बाजूचा आहे आणि अधिक धोक्याचा: प्रत्येक थकव्याला बर्नआउट म्हणून मोकळं होणं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आधी तपासून घ्या. आणि नुसत्या कामातच नव्हे, तर नातवंडांत, गाण्यात, जेवणातही मन लागेनासं झालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी डॉक्टर हवा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.