फडावरची मुले आणि वर्गातील भ्रमणध्वनी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे रवाना होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून राबतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, त्यांचे बिऱ्हाड फडाजवळच्या कोपीत असते. गेवराई तालुक्यातील चकलांबा याच मुलखातले. समाजमाध्यमे आणि भ्रमणध्वनी ही अध्यापनाची साधने व्हावीत काय, या प्रश्नाचा विचार येथे करू लागले म्हणजे प्रथम हे ध्यानात येते की, ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे त्या घरचा तो फोन आईबापांबरोबर फडावर जातो. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलाच्या हाती तो उरत नाही. उलट जे मूल फडावर जाते, त्याचा शाळेशी संबंध टिकवणारे साधन बहुधा तेवढेच असते.

महाराष्ट्राला या बाबतीत अनुभवाचे भांडवल पुष्कळ आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. फोन त्या चौकोनावर धरला की कवितेचे गायन ऐकू येई, पाठाची चित्रफीत उघडे, आणि कन्नड मातृभाषा असलेल्या मुलांना आशय त्यांच्या भाषेत मिळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे कोड आले, २०१७ मध्ये केंद्राचा 'दीक्षा' हा डिजिटल शिक्षण मंच सुरू झाला, आणि २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक डिसले यांना मिळाले, तेव्हा त्यांनी त्याची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षी करोनाने शाळांना कुलपे लावली. शिक्षण खात्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या अभियानातून अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली, आणि 'स्वाध्याय' उपक्रमातून साप्ताहिक प्रश्न पालकांच्या फोनवर जाऊ लागले. संदेश फोनपर्यंत पोहोचला म्हणजे शिक्षण मुलापर्यंत पोहोचलेच असे नाही, हा त्या काळाने शिकविलेला सर्वांत मोठा धडा होय.

म्हणून फडावरच्या मुलासाठी साधन निवडायचे, तर लांबलचक चित्रफितीपेक्षा साधा ध्वनिसंदेश श्रेयस्कर. त्याला डेटा अगदी थोडा लागतो, आणि रेंज नसेल तर ती येताच तो आपोआप पोहोचतो. शिक्षकाने पाठातील चार ओळी स्वच्छ वाचून पाठवाव्यात. दिवस मावळल्यावर आई फडावरून परतली की मुलाने त्या ऐकाव्यात, पुस्तकातील ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचाव्यात, आणि ते वाचन शिक्षकाकडे परत पाठवावे. मूल जोडाक्षरापाशी अडखळते, की अक्षरे न पाहता अंदाजाने वाक्य पुरे करते, हे त्या अर्ध्या मिनिटाच्या वाचनातून जाणत्या शिक्षकाला नेमके कळते. हाच व्यवहार उलट दिशेनेही व्हावा: मुलाने उसाच्या मोळ्यांचा हिशेब पाठवावा, आणि गावातील वर्गाने फळ्यावर त्यावरून उदाहरणे सोडवावीत. असे झाले म्हणजे ते मूल गैरहजर राहूनही वर्गाचे राहते, आणि त्याच्या आईबापांचे कष्ट हा अभ्यासाचा विषय होतो.

धोकाही तितकाच खरा आहे. २०२४ च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत, ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. युनेस्कोनेही २०२३ च्या अहवालात, शिकण्यास उपकारक असेल तेथेच तंत्रज्ञान वर्गात आणावे, असे बजावले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व फोन बंद ठेवण्याची प्रथा पाडली. कायद्याच्या बडग्यावाचून, केवळ ग्रामसभेच्या संमतीने मुलांच्या अभ्यासाला वेळ मिळवून देता येतो, याचा तो दाखला आहे.

यावरून माझे मत असे झाले आहे की, शाळेतील फोन शिक्षकाच्या मेजावर असावा, संपूर्ण वर्गाची सामायिक मालमत्ता म्हणून. मुलाच्या खिशातील एकांताची वस्तू म्हणून नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपचे गट पालकांचे असावेत, मुलांची छायाचित्रे व नावे बाहेर जाऊ नयेत, आणि ज्या घरी फोन नाही त्या मुलाला तोच पाठ कागदावर मिळावा.

चकलांब्यासारख्या गावांतील शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: यंदा टोळ्या निघण्यापूर्वी स्थलांतरित होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे कारखान्याचे नाव, आईबापांचा फोन आणि मुकादमाचा फोन यांची नोंद हजेरीपटाबरोबर करून ठेवा, आणि रोजची एक वेळ पालकांशी आधीच ठरवा. एवढ्या नोंदीला खर्च काहीच लागत नाही, आणि तिच्यावाचून महागडे यंत्रही त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.